वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या पेटीत शौर्यपदक का नाही?

प्रश्न : आमचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले. घरी ते लढाईविषयी फारसे बोलत नसत. त्यांच्याच पलटणीतले शेजारच्या गावचे एक सुभेदार मात्र आमच्या वडिलांना सांगत असत की, एप्रिल १९४५मध्ये एका नदीच्या काठावर मशीनगनचा मारा चालू असताना आजोबांनी एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन पाण्यातून अलीकडे आणले. आजोबांच्या पेटीत काही पदके आहेत, परंतु ती जाणकारांना दाखवली तेव्हा ‘ही तर सगळ्यांनाच मिळाली होती’ असे उत्तर मिळाले. आता गावात माजी सैनिकांचे स्मारक होत आहे आणि आजोबांच्या नावापुढे ‘शौर्यपदक विजेते’ असे लिहावे असा भाऊबंदांचा आग्रह आहे. आजोबांचा पराक्रम खरा असेल तर त्याची दखल का घेतली गेली नाही? ती आता घेतली जाईल का? आणि स्मारकावर नेमके काय लिहावे?
— एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पराक्रम खरा असेल तर’ हे शब्द वाचून वाईट वाटले, कारण पदक नाही म्हणून पराक्रमावरच शंका घेण्याची पाळी कितीतरी सैनिकांच्या घरांवर येते. म्हणून आधी एवढे स्पष्ट सांगतो की, शौर्यपदक नसणे हा शौर्य नसल्याचा पुरावा नव्हे. पदक मिळण्यासाठी पराक्रम घडावा लागतोच, परंतु तो कोणीतरी पाहावा लागतो, पाहणारा जिवंत परतावा लागतो, त्याचे म्हणणे अधिकाऱ्यापर्यंत पोहोचावे लागते, अधिकाऱ्याला ते लिहून काढायला सवड आणि इच्छा असावी लागते आणि त्याने लिहिलेले वरच्या प्रत्येक पायरीवर मान्य व्हावे लागते. यांतील एक दुवा तुटला तरी शिपायाच्या हाती काही पडत नाही.

त्या काळी ही कार्यवाही कशी चाले ते पाहू. शिफारशीचा एक ठरावीक छापील नमुना असे. त्यात सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण यांच्याबरोबर कृतीचे वर्णन लिहून पलटणीचा कमांडिंग ऑफिसर सही करी. मग तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि आर्मी अशा चढत्या क्रमाने जाई. कोणत्याही टप्प्यावर वरिष्ठ अधिकारी सुचवलेल्या पदकाऐवजी खालचे पदक लिहू शकत असे किंवा शिफारस बाजूला ठेवू शकत असे. पदके सरसकट वाटली तर त्यांचे मोल राहणार नाही, या धारणेने त्यांच्या संख्येवरही लगाम असे. हे सारे लेखन इंग्रजीत होई, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले जात असे त्या मराठी शिपायाला ते बहुधा वाचता येत नसे. त्याची हकीकत हवालदार, जमादार, सुभेदार अशा तोंडांतून इंग्रज कंपनी कमांडरपर्यंत जाई, आणि तो कमांडर त्याच रात्री कामी आला किंवा जखमी होऊन इस्पितळात गेला तर अनेकदा त्या कंपनीतल्या हकीकती तिथेच थांबत.

मरण पावलेल्यांच्या बाबतीत अडचण आणखी मोठी होती. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक, मिळाला, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. परंतु मिलिटरी मेडल किंवा मिलिटरी क्रॉस यांसारखी त्याखालची ब्रिटिश पदके मरणोत्तर देण्याची सोयच तेव्हा नव्हती. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मापाला किंचित कमी पडणारे धैर्य दाखवून जो मेला, त्याच्या वाट्याला ब्रिटिश सन्मानांपैकी फार तर सेनापतीच्या खलित्यातील, म्हणजे अधिकृत युद्धवृत्तातील, एक नामोल्लेख येई.

आता आपल्या आजोबांच्या लढाईकडे वळतो. जंगी पलटण, एप्रिल १९४५ आणि नदीचा काठ, एवढ्या तपशिलावरून ती नदी बहुधा सेनियो असावी. ९ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश आठव्या आर्मीने इटलीतील शेवटच्या मोठ्या चढाईला सुरुवात केली, तेव्हा आठव्या भारतीय डिव्हिजनपुढे हीच नदी होती. तिचे पात्र फार रुंद नाही, परंतु पूर अडवण्यासाठी दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध घातलेले आहेत, आणि जर्मनांनी त्या बांधांच्या पोटात खंदक व मशीनगनच्या चौक्या खोदल्या होत्या. बांधाच्या उतारावर आणि आसपास सुरुंग पेरलेले होते. तोफखाना आणि विमाने यांचा प्रचंड मारा झाल्यावर संध्याकाळी पायदळ पुढे सरकले, तरी बांधाच्या आतल्या कितीतरी चौक्या शाबूत होत्या, आणि पाण्यात उतरलेल्या पहिल्या तुकड्यांना त्यांनी समोरासमोर गाठले.

याच ठिकाणी, याच दिवशी, आपल्या आजोबांच्याच पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. निमज हे त्यांचे गाव तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या होते. नदी ओलांडताना त्यांच्या बरोबरच्या छोट्या तुकडीची जवळजवळ वाताहत झाली, तेव्हा त्यांनी दोघा जखमींना एकामागून एक उचलले आणि खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले. त्यानंतर ते एकटे परत फिरले. हाताला जखम झाल्यामुळे बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्बच्या जोरावर मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या. शेवटी ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले आणि शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे येण्याची खूण केली. त्याच दिवशी, त्याच नदीवर आणि त्याच डिव्हिजनमध्ये, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आपल्याला दुखवण्याचा हेतू नाही, तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. सुभेदारांनी सांगितलेली हकीकत नामदेव जाधवांच्या पराक्रमाच्या पहिल्या भागाशी पुष्कळ जुळते. वर्षे लोटल्यावर पलटणीतल्या प्रसिद्ध प्रसंगाचा रंग दुसऱ्याच्या आठवणीला चढू शकतो, त्यामुळे केवळ या साम्यावरून कोणी शंका घेतली तर रागावू नये. मात्र याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. जी पलटण पाण्यातून शत्रूच्या बांधावर चढली, तिच्यात जखमींना पाठीवर घेऊन परत आणणारा माणूस एकच असेल, हे शक्यच नाही. स्ट्रेचर वाहणारे, निरोपे आणि साधे शिपाई अनेक असणार, आणि प्रत्येक वाचलेल्या जखमीमागे त्याला उचलणारा कोणीतरी असणार. नामदेव जाधव बांधाच्या माथ्यावर उभे राहिले ते सर्वांना दिसले, आणि ते दिसले म्हणूनच पलटण पुढे गेली. अंधार पडत असताना बांधाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या कडेला जो एकच जखमी घेऊन मागे आला, त्याला त्या जखमीशिवाय पाहणारे कोण होते? सुभेदार स्वतः त्या जागी होते की त्यांनी नंतर ऐकले, हे आपल्या वडिलांना आठवत असेल तर जरूर विचारून घ्यावे. आपल्या कुटुंबाकडे असलेल्या माहितीचे सारे वजन या एका उत्तरावर अवलंबून आहे.

दखल न घेतली जाण्यामागे नेहमी असा योगायोगच असतो असे मात्र नाही. कधी ते धोरणच असते. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६मध्ये सुरू झाला, परंतु हिंदी सैनिकांना तो मिळण्याची मुभा १९११च्या दिल्ली दरबारात जाहीर झाली. मधली ५५ वर्षे गोऱ्या अधिकाऱ्याच्या शेजारी उभे राहून तोच पराक्रम करणाऱ्या हिंदी शिपायाला जास्तीत जास्त इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळू शकत असे. खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले, ते बेल्जियममधील ३१ ऑक्टोबर १९१४च्या लढाईसाठी.

धोरणामुळे एका माणसाचे काय होते, हे अमेरिकेच्या हेन्री जॉन्सन यांच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसते. ते न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीच्या रेल्वे स्थानकावर हमाली करत असत. पहिल्या महायुद्धात ते ३६९व्या रेजिमेंटमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत, भरती झाले. अमेरिकी गोऱ्या पलटणींबरोबर या लोकांनी लढावे हे मान्य नसल्यामुळे ती रेजिमेंट फ्रेंच सेनेच्या हाताखाली देण्यात आली. मे १९१८च्या मध्यावर, अर्गोनच्या जंगलाच्या कडेला जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे रात्रीच्या पहाऱ्यावर असताना जर्मन सैनिकांच्या टोळीने त्यांच्यावर हल्ला केला. रॉबर्ट्स गंभीर जखमी झाले आणि शत्रू त्यांना ओढून नेऊ लागला. जॉन्सन यांची रायफल चालेनाशी झाली, तेव्हा त्यांनी तिच्या दस्त्याने आणि नंतर लांब सुऱ्याने हातघाईची लढाई करून सोबत्याला सोडवले. त्यांच्या अंगावर २१ जखमा होत्या. फ्रान्सने त्यांना आपला ‘क्रुआ द गेर’ हा सन्मान दिला. स्वदेशात मिरवणूक निघाली, वर्तमानपत्रांत नाव गाजले, परंतु अमेरिकी सैन्याने पदक दिले नाही. सर्वांत क्रूर गोष्ट अशी की, त्यांच्या सेवामुक्तीच्या कागदावर जखमांची नोंदच नव्हती, त्यामुळे अपंगत्वाचे निवृत्तिवेतनही मिळाले नाही. ते १९२९मध्ये गेले. जखमी सैनिकाला मिळणारे पर्पल हार्ट त्यांना १९९६मध्ये देण्यात आले, आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च सन्मान २ जून २०१५ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर ८६ वर्षांनी. हा पराक्रम गुपित नव्हता, तो सगळ्यांना माहीत होता, आणि तरीही योग्य तो कागद लिहिला गेला नव्हता.

इटलीतही हीच कथा आहे. नामदेव जाधवांच्या लढाईपूर्वी जेमतेम चार दिवस, त्याच आघाडीच्या पश्चिम टोकाला, ९२व्या अमेरिकी डिव्हिजनचे कृष्णवर्णीय लेफ्टनंट व्हर्नन बेकर यांनी आगिनोल्फी किल्ल्याजवळ जर्मन चौक्या उद्ध्वस्त केल्या. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. जानेवारी १९९७मध्ये सात जणांना ते देण्यात आले, तेव्हा त्या सातांपैकी एकटे बेकर हयात होते.

आपले स्वतःचे राज्य आले म्हणजे हे प्रश्न आपोआप मिटले असेही नाही, आणि यासाठी १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे उदाहरण प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावे असे मला वाटते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये चुशूलजवळच्या रेझांग ला खिंडीत, १६ हजार फुटांहून अधिक उंचीवर, मेजर शैतान सिंग यांची ही कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. सुमारे १२० जणांपैकी ११४ कामी आले. जे मोजके जवान परतले त्यांनी घडले ते सांगितले, परंतु त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला विश्वास ठेवला गेला नाही. पुढे हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी १९६३मध्ये, शोधपथक त्या खिंडीत पोहोचले, तेव्हा बर्फात गोठलेले जवान आपापल्या मोर्चात हत्यारांसह सापडले. नर्सिंग असिस्टंट धरमपाल दहिया यांच्या हातात इंजेक्शनची सिरिंज तशीच होती. मग सन्मान झाले : मेजर शैतान सिंग यांना परमवीर चक्र, आणि दहिया यांच्यासह इतरांना वीर चक्रे. हेच रणांगण शत्रूच्या ताब्यात राहिले असते किंवा बर्फाने प्रेते झाकूनच ठेवली असती, तर जिवंत परतलेल्या त्या साध्या शेतकऱ्यांच्या मुलांचे शब्द आज कोणी खरे मानले असते?

साताऱ्यात आपल्याला याची खूण दूर शोधावी लागणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव जे दगडी किंवा संगमरवरी फलक बसवले, त्यांवर ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढेच इंग्रजीत कोरलेले असते. संख्या आहे, पण नावे नाहीत. ज्या सरकारने मेलेल्यांची नावे त्यांच्या गावच्या दगडावर घालण्याची तसदी घेतली नाही, त्याने जिवंत शिपायाचे प्रत्येक धाडस टिपले असेल अशी अपेक्षा ठेवून स्वतःला त्रास करून घेऊ नये.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धातील पराक्रमासाठी नवी शौर्यपदके देण्याचे दार ब्रिटनने युद्धानंतर काही वर्षांतच बंद केले. भारताची परमवीर, महावीर आणि वीर चक्रे १९५०मध्ये सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७पासून लागू मानली गेली, त्यामुळे १९४५चा पराक्रम त्यांच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत हेन्री जॉन्सन यांच्यासाठी तिथल्या संसदेला मुदतीची अट शिथिल करता आली, कारण ज्या राष्ट्रासाठी ते लढले ते राष्ट्र आणि ती संसद आजही तीच आहे. आपल्या आजोबांनी ज्या राजमुकुटाची चाकरी केली तो इथून गेला, आणि जे प्रजासत्ताक आले त्याने आपली मोजणी नव्या तारखेपासून सुरू केली. या दोहोंच्या मध्ये लक्षावधी हिंदी सैनिक राहून गेले आहेत. कोणी पैसे घेऊन ‘जुने पदक मंजूर करून देतो’ असे म्हणत आले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

पण नोंद शोधणे शक्य आहे, आणि ते पेटीपासूनच सुरू करावे. ‘सगळ्यांना मिळालेली’ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली ती पदके नीट पाहा. पिवळ्या धातूचा सहा टोकांचा, लाल, पांढरा आणि हिरवा अशा पट्ट्यांच्या फितीचा तारा असेल तर तो इटली स्टार होय. तो घरबसल्या मिळत नसे, त्या रणक्षेत्रात प्रत्यक्ष सेवा केलेल्यालाच मिळत असे. दुसरे एक गोल, रुपेरी वॉर मेडल असेल. त्याच्या फितीवर ओकच्या पानाच्या आकाराची छोटी कांस्याची खूण शिवलेली किंवा टाचलेली आहे का, हे उजेडात बघा. फीत जीर्ण झाली असेल तर पेटीच्या तळाशी सुटे पान पडले आहे का तेही बघा, कारण ते पान म्हणजे खलित्यात नामोल्लेख झाल्याची खूण असते, आणि माहिती नसलेली माणसे ते शोभेचे समजून टाकून देतात. पदकांच्या कडेवर क्रमांक कोरलेला असल्यास तो उतरवून घ्या. पदके ब्रासो लावून घासू नका, अक्षरे पुसट होतात.

सैनिकी क्रमांक हाती आला की पुढचे काम सोपे होते, कारण इंग्रज कारकुनांनी आपली नावे हवी तशी लिहिली असली तरी क्रमांक सहसा चुकत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. तिथल्या अभिलेख कार्यालयाकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी अर्ज करून शीट रोलची, म्हणजे त्यांच्या सेवेच्या नोंदपत्रकाची, विचारणा करावी. लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातील पदकांच्या शिफारशी ‘डब्ल्यूओ ३७३’ या संग्रहात आहेत आणि त्यांची सूची संगणकावर नावाने शोधता येते. जाधवचे स्पेलिंग चार प्रकारे करून पाहावे लागते तसे आपल्या आडनावाचेही करून पाहा. या संग्रहात मुख्यतः मंजूर झालेल्या शिफारशी आहेत, म्हणून तिथे नाव सापडले नाही तरी शिफारस झालीच नव्हती असा निष्कर्ष काढू नये. पलटणीची युद्धदैनंदिनीही पाहण्यासारखी असते. त्यात शिपायांची नावे क्वचितच येतात, पण ९ एप्रिलला कोणती कंपनी कुठे होती हे कळले, तर सुभेदारांची हकीकत त्या नकाशावर बसते की नाही हे तपासता येईल.

राहता राहिला स्मारकाचा प्रश्न. ‘शौर्यपदक विजेते’ हे शब्द लिहू नयेत, असे माझे ठाम मत आहे. नोंद सापडेपर्यंत ते खोटे आहेत, आणि उद्या एखाद्याने ते खोटे असल्याचे दाखवून दिले तर आजोबांनी खरोखर केलेल्या कामावरचाही विश्वास उडेल. त्याऐवजी त्यांचा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, ‘पहिली पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ आणि ‘इटली, १९४४-४५’ असा जो काळ कागदांवरून ठरेल तो लिहावा. त्याखाली एक ओळ द्यावी : ‘एप्रिल १९४५च्या लढाईत जखमी सोबत्याला माऱ्यातून उचलून आणले, असे त्यांच्या पलटणीतील सुभेदारांनी सांगितले.’ सुभेदारांच्या वारसांची संमती घेऊन त्यांचे नाव आणि गावही तिथे कोरावे, आणि आपल्या वडिलांना आठवते तेवढे त्यांच्या तोंडून तारखेसह लिहून, त्यावर त्यांची सही घेऊन, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. वडील हयात आहेत तोवर हे काम याच महिन्यात उरकावे.